गुण्या लावला होता का?

घरी बनवलेल्या यंत्राने कापलेली पहिली चकती माझ्याकडे अजून आहे. बारा मिमी जाडीच्या प्लायमधून १०० मिमी व्यासाचं वर्तुळ कापायचं, एवढाच हुकूम होता. चकती निघाली, भुसा झटकला, हातभर अंतरावरून पाहिली तर चांगली गोल. व्हर्निअर लावला तेव्हा एका तिरक्या अंगाने १००.४ मिमी भरली आणि दुसऱ्या तिरक्या अंगाने ९९.६. शिवाय घड्याळात बारा, तीन, सहा, नऊ असतात त्या चार जागी नखाला लागतील असे बारीक सपाट टप्पे. आमच्या सोसायटीत फर्निचरच्या कामाला येणारे एक सुतारकाका तेव्हा पार्किंगमध्ये दाराच्या फळीला रंधा मारत होते. त्यांनी चकती घेतली, कडेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, “याला गुण्या लावला होता का कधी?”

गुण्या काटकोन तपासायचा, चकतीला तो कसा लावणार, असं मी म्हणणारच होतो. प्रश्न चकतीचा नव्हता, यंत्राचा होता, हे जरा उशिराने डोक्यात शिरलं.

हे यंत्र म्हणजे काय, ते आधी सांगतो. प्रत्येक सुताराकडे ‘ट्रिमर’ असतो. सनमायका चिकटवला की बाहेर आलेली कड तासायला वापरतात तो, मुठीत मावणारा, कानठळ्या बसवणारा. त्याच्या तोंडाशी सहा मिमीच्या दांड्याचं बिट बसतं आणि ते मिनिटाला तीस हजार फेऱ्यांपर्यंत फिरतं. सुतार तो हाताने फिरवतो, फर्मा लावला असेल तर फर्म्याच्या कडेने. आता हात काढून घ्या आणि ट्रिमर तीन सरकत्या गाड्यांवर बसवा: एक डावी-उजवी, एक पुढे-मागे, एक वर-खाली. प्रत्येक गाडी स्क्रूवर चालते आणि स्क्रूला मोटर आहे. कोणत्या मोटरने कधी किती फिरायचं हे संगणकातले आकडे ठरवतात. झाला सीएनसी राऊटर. आडव्या पुलासारखी जी चौकट टेबलावरून पुढे-मागे जाते तिला गँट्री म्हणतात. माझ्या यंत्रात तिची रुंदी ६०० मिमी आहे आणि ती ८०० मिमी धावते.

त्याला सांगायची ‘जी-कोड’ नावाची भाषाही साधी आहे. “जी१ एक्स५० वाय२० एफ६००” ही एक ओळ. अर्थ असा की सरळ रेषेत कापत डावीकडून ५० मिमी, पुढून २० मिमी या बिंदूवर जा आणि मिनिटाला ६०० मिमी वेगाने जा. वर्तुळाच्या कंसासाठी जी२ आणि जी३, काही न कापता झटकन जागा बदलायला जी०. चित्र काढणारी आणि त्याच्या अशा ओळी बनवणारी प्रणाली फुकट मिळते. इंकस्केप आणि फ्रीकॅड एवढ्यावर माझी बरीच कामं निभावली आहेत. नक्षीदार जाळीच्या एका पॅनेलला अशा काही हजार ओळी होतात, पण त्या कुणी हाताने लिहीत नाही.

या भाषेची मुळं लाकडात नाहीत, हेलिकॉप्टरच्या पंखात आहेत. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ट्रॅव्हर्स सिटीचे जॉन पार्सन्स हे हेलिकॉप्टरची पाती बनवणारे उद्योजक. पात्याच्या आडव्या छेदाचा वक्र नेमका तासायचा तर वक्रावरचे पुष्कळ बिंदू आधी गणिताने काढायचे आणि कटर त्या बिंदूंवरून न्यायचा, ही त्यांची कल्पना. १९४९ मध्ये अमेरिकी हवाई दलाचं कंत्राट मिळालं, काम एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळेकडे गेलं आणि १९५२ मध्ये तिथे तीन अक्षांचं मिलिंग यंत्र छिद्रं पाडलेल्या कागदी फितीवरून आकडे वाचून चाललं. नियंत्रणाचा भाग म्हणजे निर्वात नळ्या आणि रिले भरलेली मोठमोठी कपाटं. पुढची चाळीसेक वर्षं ही चैन कारखान्यांचीच होती. मग नॉर्थ कॅरोलायनात टेड हॉल नावाच्या मेंदूविज्ञानाच्या प्राध्यापकाला होडीसाठी प्लायवुड कापायचं होतं. परवडेल असं यंत्र मिळेना म्हणून त्याने स्वतःच बनवलं आणि १९९६ च्या सुमारास ‘शॉपबॉट’ या नावाने विकायला सुरुवात केली. जगभरच्या बऱ्याच फॅब लॅबमध्ये, म्हणजे अशी यंत्रं सगळ्यांना वापरायला देणाऱ्या कार्यशाळांमध्ये, लाकूडकामाला हेच यंत्र दिसतं. यातलं आपल्या जवळचं टोक म्हणजे पुणे जिल्ह्यातलं पाबळ. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या तिथल्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये फॅब लॅब उभी राहिली, एमआयटीच्या बाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक.

मग सामान्य माणसाच्या गॅलरीत हे यंत्र आलं कसं? डोकं स्वस्त झालं म्हणून. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेया गावी ‘आर्दुइनो’ नावाचा शिकाऊ विद्यार्थ्यांसाठीचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड जन्मला. २००९ मध्ये सिमेन स्वाले स्कोग्सरुड या नॉर्वेजियन प्रोग्रामरने त्याच्यासाठी ‘जीआरबीएल’ नावाची प्रणाली लिहून सगळ्यांसाठी खुली केली. आर्दुइनो उनोची स्मरणशक्ती दोन किलोबाइट. हा चालू परिच्छेद संगणकात साठवला तर तेवढ्यातही बसणार नाही. एवढ्याशा जागेत ती जी-कोडची ओळ वाचते, पुढच्या वळणावर वेग किती कमी करायचा हे आधीच ठरवते आणि सेकंदाला तीस हजारांपर्यंत ठोके मोटरांकडे पाठवते. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला असा बोर्ड काहीशे रुपयांत मिळतो. पार्सन्सच्या काळी ज्याला कपाटं लागली ते आता काडेपेटीच्या दुप्पट-तिप्पट पाटीवर आहे आणि नेमकी इथेच माझ्यासारख्या हौशी माणसाची फसगत होते. डोकं इतकं स्वस्त मिळालं की वाटतं, उरलेलंही असंच होईल.

मोटरीचंही बघा. घरगुती यंत्रात बहुधा स्टेपर मोटर असते. तिची एक फेरी २०० पावलांची, म्हणजे एक पाऊल १.८ अंशांचं. मोटरीला वीज पुरवणारा ड्रायव्हर त्याचे आणखी आठ तुकडे करतो. एका फेरीत पाच मिमी सरकवणारा स्क्रू असेल तर २०० गुणिले ८ भागिले ५, म्हणजे एका मिलिमीटरला ३२० ठोके. कागदावर हे ऐकून कुणीही हुरळेल: मिलिमीटरचा तीनशेविसावा भाग! पण ही मोटर डोळे मिटून पावलं मोजत चालणाऱ्या माणसासारखी आहे. मध्ये खुर्ची आडवी आली, पाय अडखळला, तरी हा आकडे मोजतच राहतो आणि शेवटी आपण दाराशी पोचलो असं समजून भिंतीला धडकतो. बिट गाठीत अडकलं आणि मोटर दहा पावलं चुकली, तर तिथून पुढचं सगळं काम तेवढंच सरकलेलं निघतं, बोर्डाला मात्र पत्ताच नसतो. म्हणून मोटर बेतापेक्षा दमदार घ्यावी आणि तिला विजेचा दाबही जास्त द्यावा. माझ्या मोटरी १२ व्होल्टवर वेग वाढवताच कुंथायच्या, त्याच ३६ व्होल्टवर सुरळीत चालल्या. कारण वेग वाढला की वेटोळ्यांत विद्युतप्रवाह चढायलाच वेळ पुरत नाही. जास्त दाबाने तो लवकर चढतो.

आता हाडांकडे येतो. पहिल्या यंत्रात मी गँट्रीला १२ मिमी जाडीचे दोन गोल, पॉलिश केलेले पोलादी दांडे लावले होते. चकचकीत होते, स्वस्त होते, हाताने वाकवून पाहिले तर हलेनात. पण हाताला न जाणवणारं वाकणं लाकडात दिसतं. ६०० मिमी अंतरावर दोन टोकांना टेकवलेल्या १२ मिमीच्या दांड्यावर मधोमध एक किलो वजन ठेवलं तर तो सुमारे ०.२२ मिमी खाली जातो. माझा ट्रिमर, त्याची पट्टी, वर-खाली करणारी गाडी आणि मोटर मिळून चार किलो भरत होतं. दोन दांड्यांत वाटून प्रत्येकी दोन किलो. म्हणजे काही कापायच्या आधीच मधला भाग जवळजवळ अर्धा मिमी झुकलेला! कापताना बिट बाजूला ढकललं जातं ते वेगळंच. माझ्या आडव्या खाचा मध्यभागी खोल आणि कडांना उथळ का येतात, याचं उत्तर महिनाभर मी प्रोग्रॅममध्ये शोधत होतो.

दांड्याच्या ताठरपणाचा हिशेब भलता एकांगी असतो. लांबी दुप्पट केली की वाकणं आठपट वाढतं. जाडी दुप्पट केली की सोळापट घटतं. म्हणून यंत्र थोडं मोठं करू, चार फुटांचं घेऊ, हा मोह महागात पडतो. आणि त्याहून मोठी गंमत पोकळ नळीत आहे. फॅब्रिकेशनवाले ग्रिलला, शेडला वापरतात तो ५० बाय ५० मिमीचा, तीन मिमी जाड पत्र्याचा चौकोनी पाइप घ्या. त्यात १२ मिमीच्या दांड्याच्या पाचपट लोखंड आहे, पण त्याचा वाकण्याला विरोध सुमारे दोनशेपट. धातू मध्यापासून जितका लांब, तितका तो जास्त कामाला येतो. तो पाइप किलोच्या भावाने मिळतो आणि कुठल्याही उपनगरात मिळतो. दुसऱ्या यंत्राची चौकट मी याचीच केली. पूर्ण लांबीभर खालून आधार असलेली १६ मिमीची रेल त्यावर नट-बोल्टने बसवली. वेल्डिंग मुद्दाम टाळलं, कारण वेल्ड थंड होताना आकसतं आणि पाइप ओढून घेतं. पाइपाचा पृष्ठभागही काही आरशासारखा नसतो. जिथे रेल टेकत नव्हती तिथे शीतपेयाच्या ॲल्युमिनियमच्या डब्याचा पत्रा कापून सारला. तो पत्रा साधारण ०.१ मिमी जाड असतो आणि विकतच्या शिमपेक्षा मला तरी जास्त आवडतो.

एमडीएफची चौकट करू नये असं नाही. पुष्कळ जण करतात, पहिल्या प्रयोगाला ती चांगलीच, कारण चूक झाली तर तीनशे रुपयांची फळी जाते. पण पावसाळ्यात ज्या घरात कपाटाची दारं घट्ट बसायला लागतात, त्या घरात ती चौकट तिच्या मापात राहील ही अपेक्षा ठेवू नये. दुसरी एक युक्ती मला फार हुशारीची वाटते. २०१६ मध्ये अमेरिकेत ‘मॅस्लो’ नावाचं यंत्र लोकवर्गणीतून आलं. त्यात प्लायचा आख्खा आठ बाय चारचा तुकडा भिंतीला टेकून उभा करतात आणि राऊटर दोन साखळ्यांवर वरून लोंबकळतो. दोन मोटरी साखळ्या कमी-जास्त करून त्याला हवा तिथे नेतात. तोलायचं वजन गुरुत्वाकर्षणावर सोपवलं की गँट्रीच नको. नाजूक काम त्यावर होणार नाही, पण कपाटाच्या बाजू कापायला नाजूकपणा हवाय कुणाला?

चकतीवरच्या चार सपाट टप्प्यांचं कारण स्क्रूत निघालं. पहिल्या यंत्रात हार्डवेअरच्या दुकानातला एम८ चा आटे असलेला रॉड होता. वर्कशॉपमधला शिकंजा सगळ्यांनी हाताळलेला असतो. आवळत आणलेला दांडा उलटा फिरवला की सुरुवातीला थोडा नुसताच फिरतो, जबडा हलतच नाही. आट्यांमधली ही मोकळी जागा म्हणजे ‘प्ले’. सुतार तिला ‘खेळ’ म्हणतो. वर्तुळ कापताना प्रत्येक अक्षाला दोनदा दिशा बदलावी लागते. डावीकडे जाणारी गाडी उजवीकडे वळते तो क्षण घड्याळातल्या नवाचा, पुढे जाणारी मागे वळते तो बाराचा. त्या क्षणी स्क्रू फिरतो, गाडी थबकलेली असते, दुसरा अक्ष मात्र चालूच असतो. तेवढ्या वेळात बिट सरळ रेघ ओढतं. चार वळणं, चार सपाट टप्पे. टप्प्याची उंची मोजली की खेळ किती हे कळतं. माझा ०.३ मिमी होता.

यावर जुगाड आहे: एकाऐवजी दोन नट घ्यायचे, मध्ये स्प्रिंग घालायची, म्हणजे एक नट आट्याच्या डाव्या अंगाला आणि दुसरा उजव्या अंगाला कायम चिकटलेला राहतो. वर्षभर ते चाललं. पण एम८ च्या रॉडची दुसरी खोड त्याने जाईना. एका फेरीत तो गाडीला फक्त १.२५ मिमी सरकवतो. मिनिटाला एक मीटर जायचं तर त्याने ८०० फेऱ्या मारायला हव्यात आणि एवढ्या वेगाने लांब बारीक रॉड उड्या मारायच्या दोरीसारखा फडफडतो. शेवटी १६ मिमी जाडीचे, फेरीला ५ मिमी सरकणारे बॉलस्क्रू घेतले. नटाच्या आत पोलादी गोळ्या फिरतात, त्यामुळे घासणं कमी आणि खेळही अगदी थोडा. खिशाला हाच भाग सगळ्यात जास्त लागला.

राहिला लंबगोल. तो आडवा किंवा उभा असता, म्हणजे नऊ-तीनचा व्यास आणि बारा-सहाचा व्यास यांत फरक पडला असता, तर मिलिमीटरला किती ठोके हा आकडा एखाद्या अक्षाचा चुकला असं समजायचं आणि बोर्डावर तो आकडा सुधारायचा. दोन मिनिटांचं काम. माझा लंबगोल तिरका होता. याचा अर्थ दोन अक्ष एकमेकांना काटकोनात नाहीत. चौरस एका कोपऱ्याला धरून ढकलला की तिरका समभुज चौकोन होतो, त्याच्या आतलं वर्तुळही त्याच्याबरोबर कलंडतं. १०० मिमीच्या चकतीत ०.८ मिमीचा फरक म्हणजे ६०० मिमीच्या गँट्रीची एक बाजू दुसरीपेक्षा जवळजवळ पाच मिमी मागे! गँट्रीच्या दोन्ही बाजूंना एकेक मोटर आहे आणि दोघींना ठोके एकच जातात. यंत्र सुरू करताना एक जरा अडली, दुसरी पुढे गेली की वाकडेपण तिथेच कायम होतं. कुठल्याही प्रोग्रॅमला ते दिसत नाही. काकांच्या अंगठ्याला दिसलं.

त्यांनीच मग सरळ करायची रीत दाखवली. गवंडी पाया आखताना तीन-चार-पाच करतो ना, तीच. टेबलावर एका कोपऱ्यापासून आडवं ६०० आणि उभं ८०० मिमी जाऊन बिटाने टोचे पाडायचे, त्या दोन टोच्यांमधलं तिरकं अंतर बरोबर १००० मिमी भरलं पाहिजे. आमचं १००४ च्या आसपास आलं. मोटरी बंद करून एका बाजूचा स्क्रू हाताने फिरवायचा, पुन्हा टोचे, पुन्हा टेप. पाचव्या खेपेला टेपवर फरक दिसेनासा झाला. आता गँट्रीच्या दोन्ही बाजूंना पक्के थांबे लावलेत. काम सुरू करण्याआधी ती मागे नेऊन दोन्हींना टेकवायची, मग मोटरींना वीज द्यायची. टेबलाच्या वरच्या थराची तऱ्हा मात्र उलटी. अठरा मिमीचं एमडीएफ स्क्रूने आवळलं आणि रुंद बिट लावून यंत्राकडूनच त्याचा वरचा अर्धा मिमी तासून घेतला. रेल जिथे किंचित उंच तिथे टेबलही तेवढंच उंच राहतं, आणि कापाची खोली सगळीकडे सारखी येते. यंत्राने स्वतःच्या सोयीचा पाट घालून घेतला म्हणायचं.

कापण्याचं गणित सुतारांना हाताने येतं, मला आकड्यांनी शिकावं लागलं. बिटाच्या प्रत्येक धारेने प्रत्येक फेरीत लाकडाचा एक छिलका काढला पाहिजे, निव्वळ घासत बसता कामा नये. माझं यंत्र मिनिटाला १००० मिमी चालतं. ट्रिमर तीस हजार फेऱ्यांवर आणि बिट दोन धारांचं, तर प्रत्येक धारेच्या वाट्याला ०.०१७ मिमी लाकूड येतं, केसाच्या जाडीच्या पाव हिश्शाएवढं. एवढ्यात छिलका निघत नाही, पिठी निघते. उष्णता छिलक्याबरोबर बाहेर न जाता बिटातच मुरते, कडा काळ्या पडतात, जळका वास सुटतो आणि बिट बोथट होतं. सागात तर नैसर्गिक सिलिका असते, ती धारेला आणखी लवकर खाते. हौशी माणूस करपलेली कड पाहून वेग कमी करतो, त्याने करपणं वाढतं. उपाय उलट आहे: फेऱ्या कमी करा, धारा कमी करा. दहा हजार फेऱ्या आणि एका धारेचं बिट घेतलं की त्याच चालीत छिलका ०.१ मिमीचा पडतो. म्हणून वेग बदलायची चकती असलेलाच ट्रिमर घ्यावा. एका खेपेला खोली किती घ्यायची, हे मी यंत्राच्या आवाजावरून ठरवतो. एकसारखा सूर असला की ठीक, कर्कश चिरकला की चौकट थरथरते आहे, खोली कमी करायची. माझ्याकडे प्लायमध्ये एका खेपेला दीड-दोन मिमी, बारा मिमीच्या प्लायला सात-आठ फेरे. पटाशी चालवणारा याहून वेगळं करत नाही.

यानंतर जो त्रास झाला त्याचा लाकडाशी संबंधच नव्हता. ट्रिमर सुरू केला की कामाच्या मध्येच यंत्र थांबे आणि पडद्यावर ‘अलार्म’ उमटे, गाडी टोकाला पोचल्याचं सांगणारा स्विच दाबला गेल्याचा. स्विचच्या जवळपासही काही नसे. ट्रिमरच्या मोटरीत कार्बन ब्रश असतात, त्यांच्या ठिणग्यांचा गोंगाट शेजारून गेलेल्या बारीक तारांत शिरतो आणि बोर्डाला वाटतं, स्विच दाबला. ट्रिमरची वायर चौकटीच्या दुसऱ्या बाजूने नेली, स्विचला जाळीचं आवरण असलेली तार घेतली, ते आवरण एकाच टोकाला अर्थ केलं आणि स्विचच्या दोन टोकांत ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला. तीन-चार रुपयांची वस्तू, त्यापायी दोन रविवार गेले.

धुळीबद्दल मात्र हसून बोलता येत नाही. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचं वर्गीकरण आहे आणि एमडीएफच्या धुळीत फॉर्मल्डिहाइडवर आधारलेला डिंकही असतो. ट्रिमरच्या तोंडाला ब्रशची झालर, तिथून नळी, मध्ये झाकणाची बादली आणि मग व्हॅक्यूम क्लीनर अशी माझी व्यवस्था. बादलीत हवा गोल फिरते, जड भुसा खाली बसतो, क्लीनरची पिशवी लवकर भरत नाही. तरीही एन९५ मास्क, कानाला मफ आणि हाताशी लाल बटण लागतंच. कापून मोकळा होणारा तुकडा बिटाला लागून गोफणीतल्या दगडासारखा उडतो. तसं होऊ नये म्हणून त्याला मूळ फळीशी दोन-तीन ठिकाणी बारीक टॅबने जोडलेलं ठेवायचं आणि नंतर हाताने तोडायचं. गच्चीवरच्या एका कुंडीवर अशा एका तुकड्याची खोक अजून आहे.

खर्च विचारतातच, तर सांगतो. पहिलं यंत्र पंधरा हजारांत झालं आणि खेळण्याच्या लायकीचं होतं. दुसऱ्याला सदतीस लागले: मोटरी, ड्रायव्हर आणि वीजपुरवठा मिळून बारा, रेल आणि स्क्रू सतरा, लोखंड आणि बोल्ट चार, ट्रिमर चार. कारखान्यातलं आठ बाय चारचं यंत्र काही लाखांत जातं, त्या मानाने हे स्वस्तच. पण पहिल्यातलं दुसऱ्यात काय वापरता आलं म्हणाल, तर तो काहीशे रुपयांचा बोर्ड. बारा मिमीचे दांडे सध्या बायकोच्या पडद्यांना लावलेत, तिथे ते अजिबात वाकत नाहीत.

काकांनी गेल्या दिवाळीआधी एक काम आणलं. देवघराच्या जाळीचे चोवीस सारखे तुकडे, प्रत्येकात सोळा चौकोनी खिडक्या. बिट ३.१७५ मिमीचं, इंचाचा आठवा भाग. काकांच्या मापात बरोबर एक सूत. त्यांनी ते बोटांत धरून पाहिलं, “एक सुती आहे,” म्हणाले आणि पहिल्यांदाच यंत्राकडे जरा मायेने बघितलं. तुकडे एकसारखे निघाले, एकावर एक रचले तर आरपार उजेड दिसत होता. फक्त प्रत्येक खिडकीचे चारही कोपरे गोल. फिरणारं बिट आतला काटकोन कापूच शकत नाही, निम्म्या सुताची गोलाई मागे ठेवतंच. काकांनी खालच्या पायरीवर बसकण मारली, सहाणेवर पटाशी फिरवली आणि एकेका कोपऱ्याला दोन ठोके द्यायला सुरुवात केली. चोवीस गुणिले सोळा गुणिले चार. मी मोजायला लागलो तर म्हणाले, “साहेब, मोजू नका, पुढचा तुकडा लावा.”

जूनमध्ये पहिला पाऊस झाला तेव्हा टेप घेऊन कर्ण पुन्हा मोजला. हजाराला अर्धा मिमी कमी भरला. डाव्या बाजूच्या थांब्याचा बोल्ट पाव फेरी बाहेर घेतला, परत मोजलं आणि कपाटातून नवीन चकतीसाठी प्लाय काढला.